पाप कबूल केलं, क्षमा मागितली, तरी मन दोष देतच राहतं: अशा विश्वासणाऱ्याला नेमकं काय सांगायचं?

प्रार्थनागट_नवापूर

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

नवापूर तालुक्यातल्या पाड्यांवर आमचे घरोघरी प्रार्थनागट चालतात. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, बाकीचे आठवडे आम्हीच सांभाळतो. प्रत्येक गटात कोणी ना कोणी एकच गोष्ट बोलतं: "देव माफ करस, पन मन मानत नई." बाप्तिस्मा होऊन वर्षं लोटलेली माणसंही हेच म्हणतात.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून लिहितो. एक भाऊ पूर्वी कापूस खरेदीत काट्यावर बसायचे आणि शेतकऱ्यांचं वजन मारायचे. ते काम सोडलं, पण दर सभेत तेच पाप पुन्हा कबूल करतात. एका ताईंच्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला, त्या म्हणतात आमच्याच पापाचं हे फळ. कॉलेजची एक मुलगी दिवसातून दहा-वीस वेळा क्षमा मागते. प्रार्थनेतला एखादा शब्द चुकला तर पहिल्यापासून सुरू करते, आणि आपल्या हातून पवित्र आत्म्याविरुद्धचं पाप घडलंय अशी तिला धास्ती आहे. शिवाय प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या दिवशी, "मी योग्य नाही" म्हणून मागे बसणारे बरेच.

आम्ही बायबलमधलं रोमकरांस ८:१ वाचून दाखवतो: ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही. सगळे आमेन म्हणतात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. काय सांगायचं, आणि कोणत्या क्रमाने?

तापीकाठ

सलाम भाऊ. तुमची चारही उदाहरणं "दोष वाटतो" या एका वाक्यात बसतात, पण आतून ती चार वेगळी दुखणी आहेत. सगळ्यांना एकच वचन दिलं की ते कोणालाच लागू पडत नाही. आधी सगळ्यांना लागणारा पाया लिहितो.

रोमकरांस ८:१ मधला "दंडाज्ञा" हा शब्द कोर्टातला आहे. न्यायाधीशाने सुनावलेली शिक्षा, असा त्याचा अर्थ. ख्रिस्तात असलेल्यावर ती शिक्षा उरलेली नाही, एवढं ते वचन सांगतं. मनाला कधीच टोचणी लागणार नाही असं ते म्हणत नाही. निकाल आणि मनाची अवस्था या दोन गोष्टी लोक एक करून बसतात. मग टोचणी लागली की त्यांना वाटतं निकालच फिरला.

गावात हे सातबाऱ्यावरून पटकन कळतं. सोसायटीचं पीककर्ज घेतलं की उताऱ्यावर "इतर अधिकार"मध्ये बोजा चढतो. कर्ज फिटलं की सोसायटी बेबाकी दाखला देते, तो तलाठ्याकडे जातो, फेरफार होतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो आणि बोजा उतरतो. पण घरातल्या ट्रंकेत जुना उतारा पडलेला असतो. तो काढून वाचला तर बोजा अजून दिसणारच. म्हणून कोणी सोसायटीत जाऊन तेच कर्ज दुसऱ्यांदा भरतं का? दोष देणारं मन तो जुना उतारा वाचत असतं. आकडा खरा असतो, नाव खरं असतं, कर्जही खरंच घेतलेलं असतं. फक्त तो कागद आता चालू नाही. कलस्सैकरांस २:१४ मध्ये हीच गोष्ट आहे: आपल्याविरुद्धचा कर्जाचा लेख खोडला गेला आणि वधस्तंभाला खिळला गेला. तिथला मूळ ग्रीक शब्द हाताने लिहून दिलेल्या कर्जरोख्याचाच आहे. उदाहरणाची एक मर्यादा मात्र आवर्जून सांगा. सोसायटीचे पैसे आपण भरतो, इथे दुसऱ्याने भरले.

आता १ योहान १:९. आपण पापं कबूल केली तर देव "विश्वासू व न्यायी" आहे, म्हणून तो क्षमा करील, असं तिथे आहे. "दयाळू" हा शब्द त्या जागी नाही, याकडे गटाचं लक्ष वेधा. दया आज होईल, उद्या नाही, अशी भीती माणसाला वाटू शकते. पण एकदा चुकतं झालेलं येणं दुसऱ्यांदा वसूल करणं हा अन्याय, आणि देव अन्याय करत नाही. खात्री इथे उभी आहे. रडू किती आलं, प्रार्थना किती लांबली, यावर ती उभी नाही.

त्यानंतर माणसाला एकट्याला, सभेबाहेर, तीन प्रश्न विचारा. नेमकं काय केलं? कोणाविरुद्ध? देवापुढे नाव घेऊन कबूल केलंय का? पवित्र आत्मा पापाची जाणीव देतो तेव्हा ती नेमकी असते. अमुक खोटं बोललास, अमक्याचे इतके घेतलेस. पुढची पायरीही तिच्यात दिसते. "मी वाईटच आहे, देवाला मी नकोच आहे" हे मोघम असतं, त्यातून पायरी निघत नाही, माणूस फक्त देवापासून दूर सरकतो. २ करिंथकरांस ७:१० मध्ये दोन दुःखांचा फरक हाच आहे: एक पश्चात्तापाकडे नेतं, दुसरं मरणाकडे. प्रकटीकरण १२:१० मध्ये सैतानाला बांधवांना दोष देणारा म्हटलंय, रात्रंदिवस दोष देणारा. तो खऱ्या पापांचीच यादी वाचतो, म्हणून त्याचं बोलणं खरं वाटतं.

कबुली एका वाक्यात असावी, पापाचं नाव घेऊन. "माझं काही चुकलं असेल तर" ही कबुली नव्हे, आणि अशी मोघम क्षमा मागणाऱ्याच्या मनात मोघम दोषच राहतो. स्तोत्र ३२ मध्ये दावीद गप्प होता तोवर त्याची हाडं झिजत होती. पाचव्या वचनात तो कबूल करतो, आणि क्षमा त्याच वचनात आहे, मध्ये कसलीही मुदत नाही. कबूल झाल्यावर "प्रभू, तू क्षमा केलीस, तुझे आभार" एवढं म्हणून थांबायचं. तेच पाप पुन्हा आठवलं तर पुन्हा क्षमा मागायची नाही, आभार मानायचे. हा बदल लहान दिसतो, पण सगळं इथेच अडतं. तेच पाप दहाव्यांदा कबूल करणं म्हणजे पहिली नऊ उत्तरं ऐकली नाहीत असं देवाला सांगणं.

आणखी एक ठिकाण, जिथे आपल्याकडे हमखास घोळ होतो. नवसाची सवय हाडात मुरलेली असते. त्यामुळे माणूस विश्वासात आल्यावरही देवाशी सौदा मांडतो: २१ दिवस उपास धरतो, इतकं दान देतो, मग तरी माफ कर. उपास चांगला, दान चांगलं, पण क्षमेची किंमत म्हणून ते ठेवलं की माणूस कायम बाकीतच राहतो. पुरेसं कधी झालं हे कोण सांगणार?

येशूला पकडून देणारा यहूदा आणि "मी त्याला ओळखत नाही" म्हणणारा पेत्र, हे दोन शिष्य शेजारी ठेवून शिकवा. यहूदाला पस्तावा झाला, पकडून देण्याबद्दल मिळालेले ३० रुपये (चांदीची नाणी) त्याने परत नेले, "मी पाप केलं" असं तोंडाने म्हणाला. कबुली झाली, भरपाईही झाली. पण तो मुख्य याजकांकडे गेला, आणि ते म्हणाले त्याचं आम्हाला काय. पेत्राने कोळशाच्या विस्तवाजवळ तीनदा नाकारलं होतं. योहान २१ मध्ये प्रभू पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवून त्याला न्याहारीला बोलावतो आणि तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? नव्या करारात कोळशाच्या विस्तवाचा तो ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो. प्रभूने जखमेवर नेमकं बोट ठेवलं आणि त्याच श्वासात आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्या हाती दिली. दोष घेऊन कोणाकडे जायचं, एवढाच त्या दोघांतला फरक.

रावेरकर

तापीकाठ दादांनी पाया लिहिला. मी फक्त काट्यावरच्या भावांबद्दल लिहितो, कारण तिथे "विसरा आता" म्हणणंही चूक आणि "पुन्हा प्रार्थना करा" म्हणणंही चूक. त्यांचं मन खातंय त्याला कारण आहे. देवाकडचा हिशेब मिटला, शेतकऱ्याचे पैसे अजून त्यांच्याकडे आहेत.

लेवीय ६:१-५ आणि गणना ५:६-८ मध्ये माप दिलेलं आहे: मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा. जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेल्याच्या चौपट द्यायचं कबूल केलं (लूक १९), पण त्यातला क्रम बघा. "आज तुझ्या घरी उतरायचं आहे" हे प्रभू आधी म्हणाला, पैसे परत करण्याचं जक्कय नंतर बोलला. भरपाई हे क्षमेचं फळ आहे. गटात हे दोनदा सांगा, नाहीतर भरपाईचाच नवस होतो.

वहीवर असं बसवा. समजा क्विंटलमागे २ किलो मारले आणि एका शेतकऱ्याचा एकूण माल ६० क्विंटल होता. म्हणजे १२० किलो. त्या वर्षीचा भाव ७,००० रुपये क्विंटल धरला तर ८,४०० रुपये. पाचवा हिस्सा १,६८०. द्यायचे १०,०८०. नक्की आकडा आठवत नसेल तर शेतकऱ्याच्या बाजूने धरायचा. एकदम जमत नसेल तर हप्ते चालतील, पण रक्कम आणि तारीख त्याला तोंडावर सांगून.

भेटायला जाताना बोलणं थोडं ठेवावं. काय केलं, किती घेतलं, हे परत आणलंय. "मालकाने सांगितलं म्हणून", "सगळेच करायचे" ही वाक्यं घरी ठेवून जायची, त्यांनी कबुली नासते. तो रागावला तर ऐकून घ्यायचं. त्याने माफ केलंच पाहिजे अशी अट नाही, आणि नाही केलं म्हणून देवाची क्षमा मागे जात नाही. तो माणूस वारला असेल तर वारसाला द्या, वारसही नसेल तर देवाच्या कामाला, गणना ५:८ मध्ये हीच तरतूद आहे. खूप जणांचे थोडे थोडे घेतले आणि नावंच आठवत नसतील, तर अंदाजे रक्कम काढून गरजू शेतकरी कुटुंबांना गुपचूप द्यावी आणि वही मिटावी.

दोन इशारे. सगळीच पापं ज्याच्याविरुद्ध झाली त्याला जाऊन सांगायची नसतात. कोणाबद्दल मनात वासना किंवा द्वेष होता आणि त्याला ते ठाऊकच नाही, तर त्याला जाऊन सांगणं म्हणजे आपलं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणं. ते देवापुढे आणि गरज वाटली तर एका विश्वासू वडीलधाऱ्यापुढे. दुसरा इशारा जास्त गंभीर. कबुलीत लहान मुलावर झालेला अत्याचार निघाला तर तो प्रार्थनेने किंवा पंचांत मिटवायचा विषय नाही. पॉक्सो (लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण) कायदा २०१२, कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आणि ज्या मुलावर अत्याचार झाला ते स्वतःला दोषी समजत असेल तर त्याच्याकडून क्षमेची प्रार्थना चुकूनही म्हणवून घेऊ नका. त्याने पाप केलेलंच नाही.

एरंडोल_वाचक

सगळं पटलं, पण एक शंका. "एकदा कबूल करा, मग फक्त आभार माना" हे इतकं सोपं केलं तर लोक बिनधास्त पाप करतील. थोडी भीती असलेली बरी नाही का? इब्री १०:२६ मध्ये तर जाणूनबुजून पाप करणाऱ्यासाठी यज्ञ उरत नाही असं आहे.

तापीकाठ

हीच शंका पौलाने रोमकरांस ६:१ मध्ये स्वतः मांडली आहे. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय? त्याचं उत्तर असं की पापाला मेलेला माणूस त्यात जगणार कसा. उत्तर देताना त्याने पाचव्या अध्यायातली कृपा कापून कमी केली नाही, हे महत्त्वाचं. भीतीने माणूस पाप सोडत नाही, लपवायला शिकतो. स्तोत्र १३०:४ मध्ये उलट आहे: तुझ्याजवळ क्षमा आहे, यासाठी की लोकांनी तुझं भय धरावं. आधी क्षमा, मग भय.

इब्रीचं पत्र छळामुळे ख्रिस्ताला सोडून परत जायच्या बेतात असलेल्यांना लिहिलंय. यज्ञच नाकारला तर दुसरा यज्ञ कुठून आणणार, असा तिथला मुद्दा. रडत रडत प्रभूकडे येणारा माणूस त्या वचनातला नव्हे. तारण गमावता येतं का यावर आपल्याकडच्या मंडळ्यांत मतभेद आहेत, पण पश्चात्ताप करून आलेल्याला प्रभू माघारी पाठवतो असं कोणतीही मंडळी शिकवत नाही. योहान ६:३७ वाचा: माझ्याकडे येणाऱ्याला मी मुळीच घालवणार नाही.

शहादा_नर्स

सिकलसेलच्या ताईंबद्दल. इथे आधी आजार समजावून सांगा, वचन त्यानंतर. नाहीतर वचनाला जागाच मिळत नाही.

सिकलसेल आनुवंशिक आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक गुण आईकडून आणि एक वडिलांकडून येतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के, पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून आईबापांना आधी कळतही नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा गुण टिकला, कारण वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काही संरक्षण मिळतं. सातपुड्याच्या पट्ट्यात तो जास्त आढळतो त्याचं कारण हे. यात शाप नाही, करणी नाही, आणि आईने केलेली कुठली चूकही नाही.

योहान ९ मध्ये शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता: कोणाचं पाप, याचं की आईबापाचं? प्रभूने दोन्ही नाकारलं. यहेज्केल १८:२० तर सरळ आहे, बापाच्या अधर्माचा भार मुलावर नाही. कोणी दावीद राजाच्या बाळाचं उदाहरण पुढे करील, बापाच्या पापानंतर ते बाळ वारलं होतं. तिथे नाथान संदेष्ट्याने नाव घेऊन सांगितलं होतं. तसा संदेष्टा या ताईंच्या दारात आलेला नाही. म्हणून आजारावरून मागे जात पाप शोधायचं नाही, आणि गटातल्या कोणी शोधलं तर तिथल्या तिथे थांबवा.

खोटा दोष अंगावर असला की प्रत्यक्ष नुकसान होतं. मूल दाखवायला उशीर होतो, तपासणी लपवली जाते, भगताकडे फेऱ्या होतात. ताईंना एवढं सांगा: मुलाला भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या न चुकवणं. ताप, छातीत दुखणं, दम लागणं किंवा पोट एकदम फुगणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. भावंडांची तपासणीही करून घ्या. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. मंडळीत लग्न जुळवताना दोघांची तपासणी आधी झाली तर पुढच्या कितीतरी आयांचं हे ओझं टळेल.

पांझराकाठ

कॉलेजच्या मुलीबद्दल लिहितो, कारण तिथे वरचे उपाय उलटू शकतात.

दिवसातून वीस वेळा तीच क्षमा, शब्द चुकला की पहिल्यापासून प्रार्थना, नको असताना घुसणारे घाण विचार, आणि ते आपलेच असतील ही दहशत. हे वर्णन विचारकृतीच्या आजाराचं, म्हणजे ओसीडीचं असू शकतं. धार्मिक माणसात तो बऱ्याचदा देवधर्माचाच विषय धरतो. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापनिवेदन करायचा आणि बाहेर पडताच राहिलेलं आठवून परतायचा. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसा इथे याच छळातून गेला. म्हणजे हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नव्हे.

याचं चक्र असं चालतं. विचार येतो, भीती वाटते, क्षमा मागितली की थोडा वेळ हायसं वाटतं, मग शंका: नीट मागितली का? प्रत्येक दिलासा पुढच्या शंकेला खत घालतो. म्हणून तुम्ही दर वेळी "देवाने माफ केलंय" असं सांगत राहिलात तर प्रेमाने का होईना, आजार वाढवता. एकदा स्पष्ट सांगा. पुन्हा विचारलं तर म्हणा, "याचं उत्तर झालंय, ताई, आता शंका असू दे, चल स्वयंपाकाला लागू." कठोर वाटतं, पण उपचाराची दिशा हीच आहे: भीती सोसायची आणि विधी करायचा नाही. जोडीला औषधं लागली तर त्यांचा गुण दिसायला साधारण ८ ते १२ आठवडे जातात. दोन आठवड्यांत "फरक नाही" म्हणून ती सोडली जातात, तिथे सांभाळा. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत दाखवता येईल. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार बोलून दाखवले तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी न्या.

पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापाचं एकदा समजावून द्या. मार्क ३:२२-३० मध्ये शास्त्री येशूचं काम डोळ्यांनी बघूनही ते सैतानाचं आहे असं ठरवून बोलत होते, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. ज्या विचाराची किळस येते, जो नकोच असतो, तो ते पाप नव्हे. तिच्यासाठी १ योहान ३:२० हे वचन पुरे: आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, आणि त्याला सगळं ठाऊक आहे.

प्रार्थनागट_नवापूर

फार उपकार झाले. चौघांना एकच औषध देत होतो हे आता दिसतंय. प्रभुभोजनाचं तेवढं राहिलं. पहिला रविवार जवळ आलाय.

तापीकाठ

१ करिंथकरांस ११:२७ मध्ये "अयोग्य प्रकारे" खाणं-पिणं असं आहे. तो शब्द खाण्याच्या रीतीबद्दल आहे, खाणाऱ्याच्या लायकीबद्दल नाही. करिंथात श्रीमंत आधी जेवून घेत होते, कोणी पिऊन तर्र होत होता आणि गरीब भुकेले राहत होते (वचन २१). पौल त्या वागण्यावर बोलतोय. आणि वचन २८ पूर्ण वाचा. माणसाने स्वतःची परीक्षा करावी, आणि मग खावं. परीक्षा करून मागे बसावं असं तिथे नाही. लायक झालो की घेऊ म्हणणारा आंघोळ करून मग नदीवर जाऊ म्हणतोय.

शनिवारी संध्याकाळी गटात पंधरा मिनिटं ठेवा. स्तोत्र ५१ वाचा, मग सगळे शांत, प्रत्येकाने मनातल्या मनात नाव घेऊन कबुली द्यायची. मोठ्याने कोणाला बोलायला लावू नका. भरसभेतली कबुली सोमवारी बाजारात पोहोचते आणि पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. शेवटी १ योहान १:९ एकाने वाचावं. कोणाचं कोणाशी वाकडं असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे त्याच रात्री त्याच्या घरी जाऊन यावं, पाडा काही लांब नसतो. तो भेटला नाही तर निरोप ठेवावा आणि रविवारी भाकर घ्यावी.

काट्यावरच्या भावांनीही घ्यावी. हप्ते चालू असले तरी.